मुलांच्या दातांचा अपघात: पहिल्या तासात काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्केटिंग करताना मूल तोंडावर आपटतं आणि पुढचा दात मुळासकट बाहेर येतो. मग काय होतं? कुणीतरी तो दात नळाखाली चोळून धुतं. कुणीतरी तो पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकतं. मुलाला चुळांवर चुळा भरायला लावतात आणि ओळखीचे डॉक्टर म्हणून कोथरूडहून हडपसरला निघतात. हेतू सगळ्यांचाच चांगला असतो, पण यातली प्रत्येक गोष्ट त्या दाताच्या मुळावर उठते.

काय करावं हे बऱ्याच जणांना अर्धंमुर्धं माहीत असतं. गडबड होते ती क्रमात. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने वाचा. पहिला टप्पा तर आजच उरकून टाका.

टप्पा १: तयारी, काहीही झालेलं नसताना

घरात एक छोटा डबा वेगळा ठेवा. त्यात निर्जंतुक गॉजची पाकिटं, नॉर्मल सलाइनची छोटी बाटली (कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते), घट्ट झाकणाची स्वच्छ डबी, हातमोजे, डेंटल फ्लॉस, मुलाच्या वजनाला चालणारं पॅरासिटामॉलचं सिरप आणि ते मोजायची सिरिंज असू द्या. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. फ्रीझरमध्ये एक जेल पॅक टाकून ठेवा.

डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा. त्यावर मुलाचं वजन, औषधाची ॲलर्जी, कायमचा काही आजार आणि धनुर्वाताची शेवटची लस कधी झाली ते लिहा. सरकारी वेळापत्रकात धनुर्वाताचा अंश असलेला बूस्टर ५ ते ६ वर्षांत आणि पुढचे डोस १० व १६ व्या वर्षी असतात. अपघातानंतर डॉक्टर हे हमखास विचारतात आणि लसीचं कार्ड नेमकं तेव्हाच सापडत नाही. त्याच कागदावर आणखी एक ओळ हवी: मुलाचे कोणते दात पडून नवे आलेत. हसतानाचा एक स्पष्ट, जवळून काढलेला फोटो मोबाइलमध्ये असला तर उत्तमच. दात मुळात कसा बसलेला होता ते डॉक्टरांना त्यावरून कळतं.

मग तीन फोन नंबर: घराजवळचा कुठलाही डेंटिस्ट, मुलांचा डेंटिस्ट म्हणजे पेडोडॉन्टिस्ट, आणि चोवीस तास इमर्जन्सी चालू असलेलं एक मोठं हॉस्पिटल. नंबर सेव्ह करून थांबू नका, एकदा फोन करून विचारा: "कायमचा दात निखळला तर तुमच्याकडे बसवून स्प्लिंट (शेजारच्या दातांना बांधून ठेवणारा आधार) लावता का? दुपारी आणि रविवारी कुणाला फोन करायचा?" पुण्यातली बरीच क्लिनिक्स सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात, दुपारी शटर खाली. मुलं शाळेतून सुटतात आणि पडतात ती नेमकी त्याच वेळेत.

व्हॅनवाले काका, स्केटिंगचे सर, पाळणाघरातल्या मावशी यांच्याकडे टप्पा २ ते ६ चा कागद देऊन ठेवा. अपघात बऱ्याचदा त्यांच्याच समोर होतो.

टप्पा २: आधी मुलाकडे, मग दाताकडे

रक्त दिसलं की सगळ्यांची नजर तोंडावर जाते. पण आधी डोकं तपासायचं.

मूल थोडा वेळ जरी बेशुद्ध झालं असेल, झटका आला असेल, ओळख पटत नसेल, विचित्र गुंगी असेल, उलट्या होत असतील, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखा द्रव येत असेल, मान खूप दुखत असेल, तर दात हा विषय त्या क्षणी बाजूला. १०८ वर फोन करा किंवा थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. मान दुखत असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत मुलाला हलवू नका. सोबतच्या दुसऱ्या माणसाने दात दुधात टाकून बरोबर घ्यावा, एवढंच.

उलटीबद्दल एक बारकावा. तोंडातलं रक्त गिळलं गेलं की त्यानेही उलटी होते, आणि मग ती डोक्याच्या माराची की पोटातल्या रक्ताची ते घरी ठरवता येत नाही. शंका आली की ती डोक्याचीच समजून तपासून घ्या. हा गोंधळ टाळायचा असेल तर मुलाला सुरुवातीपासूनच पुढे वाकवून बसवा.

> तपासा: मुलाला सगळे दात मिटायला सांगा. नेहमीसारखे जुळत नाहीत, जबडा एका बाजूला सरकतोय किंवा कानासमोर दुखतंय? हनुवटीवर पडलेल्या मुलांमध्ये जबड्याच्या सांध्याजवळचं हाड मोडलेलं असू शकतं. वरून हनुवटीला फक्त एक छोटी खोच दिसते आणि तिला टाके घालून मूल घरी येतं. हाड तसंच राहतं.

टप्पा ३: रक्त थांबवा

मुलाला सरळ बसवा, मान किंचित पुढे. झोपवू नका. तोंडात येईल ते हलकेच थुंकू द्या. गॉज किंवा स्वच्छ रुमालाची घडी ओली करून नेमकी रक्ताच्या जागी ठेवा आणि दाबून धरा. घड्याळ लावून पूर्ण १० ते १५ मिनिटं. (दात निखळला असेल तर ही मिनिटं संपायची वाट बघू नका, दाबून धरतानाच टप्पा ४ आणि ५ कडे वळा.) मध्ये उचलून "थांबलं का बघू" हा मोह आवरा, दर वेळी साकळलेलं रक्त निघून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

लाळेत मिसळलेलं रक्त आहे त्यापेक्षा खूप जास्त दिसतं. वरच्या ओठाच्या आतली पातळ पट्टी फाटली की तोंड रक्ताने भरतं, पण दाबून धरलं की बहुतेक वेळा ती आपोआप भरून येते, टाकाही लागत नाही. ओठ पुन्हा पुन्हा वर उचलून ती बघू मात्र नका.

जखमेत हळद, कॉफी पावडर, तुरटी, साखर, काहीही भरू नका. डॉक्टरांना ते सगळं आधी धुऊन काढावं लागतं, आणि ते धुणं मुलाला पडण्यापेक्षा जास्त लक्षात राहतं. सूज कमी ठेवायला जेल पॅक रुमालात गुंडाळून बाहेरून लावा.

ओठाची कड, म्हणजे लाल भाग आणि त्वचा जिथे मिळते ती रेघ, चिरली असेल तर टाके नीट जुळवून घालावे लागतात. रेघ एक मिलिमीटरनेही सरकली तर ती आयुष्यभर दिसते. वाटेत मुलाला चॉकलेट, ज्यूस देऊन गप्प करू नका. मोठी जखम असेल तर भूल लागू शकते आणि त्यासाठी पोट रिकामं हवं. शेवटचं खाणं किती वाजता झालं ते लक्षात ठेवा.

टप्पा ४: दुधाचा की कायमचा?

पुढचं सगळं या एका प्रश्नावर अवलंबून आहे. दुधाचा दात निखळला तर तो कधीही परत बसवायचा नाही, कारण तसं करताना खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. कायमचा दात निखळला तर तो बसवायचा, आणि लवकरात लवकर.

वयावरून अंदाज असा: खालचे मधले दोन कायमचे दात साधारण ६ ते ७ व्या वर्षी येतात, वरचे मधले दोन ७ ते ८ व्या वर्षी, वरचे बाजूचे ८ ते ९ व्या. म्हणजे पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा पुढचा दात जवळपास नक्की दुधाचा आणि दहा वर्षांच्या मुलाचा कायमचा. घोळ होतो तो सहा ते आठ या वयात, पहिली ते तिसरीतल्या मुलांमध्ये.

तेव्हा दाताकडेच बघा. दुधाचा दात छोटा, पांढराशुभ्र, कडेला गुळगुळीत झिजलेला. कायमचा दात मोठा, किंचित पिवळसर, आणि नवा असेल तर खालची कड करवतीसारखी कातरलेली. मूळही सांगतं: पडायला आलेल्या दुधाच्या दाताला मूळ जवळपास नसतंच, कायमच्याला ते लांब असतं. पण लहान मुलाचा दुधाचा दात मार लागून निखळला तर त्यालाही पूर्ण मूळ असतं, म्हणून एकट्या मुळावरून निकाल देऊ नका.

> थांबा: ठरतच नसेल तर बसवू नका. दुधात टाका, फोटो काढून डेंटिस्टला पाठवा आणि निघा.

टप्पा ५: कायमचा दात मुळासकट बाहेर आला

बाकी सगळं विसरलात तरी हा टप्पा लक्षात राहू दे. दातांच्या अपघातात मिनिटांचा हिशेब खऱ्या अर्थाने लागतो तो इथे.

मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो. दात हाडाला जोडून ठेवण्याचं काम तिथून चालतं. हवेत कोरडा पडला की या पेशी मरू लागतात. कोरड्यात तास गेला तर त्या जवळपास संपलेल्या असतात. पाच मिनिटांत जागेवर गेलेला दात आणि दीड तास रुमालात राहिलेला दात बाहेरून सारखेच दिसतात, वर्षा-दोन वर्षांनी एक्सरेवर मात्र दोघांची गोष्ट वेगळी असते.

१. दात शोधा. मुलाच्या कपड्यांत, गवतात, गाडीखाली बघा. सापडलाच नाही तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. तो हिरडीत आत घुसलेला असू शकतो, गिळला गेला असेल किंवा श्वासनलिकेत गेला असेल. मूल खोकत असेल, श्वासाला घरघर असेल तर थेट हॉस्पिटल.

२. उचलताना फक्त वरचा भाग धरा, म्हणजे तोंडात दिसतो तो पांढरा भाग. मुळाला बोट लावायचं नाही.

३. माती लागली असेल तर सलाइनने किंवा थंड दुधाने हलकेच विसळा. दोन्ही नसेल तर नळाची बारीक धार, तीही काही सेकंदच. चोळायचं नाही, ब्रश नाही, साबण नाही, डेटॉल नाही. मुळाला चिकटलेली चिंधीसारखी कातडी ओढून काढायची नाही. आपल्याला वाचवायचंय ते तेच.

४. मूल शुद्धीवर आहे आणि ऐकतंय ना? मग दात तिथल्या तिथे बसवा. दाताची फुगीर, चकचकीत बाजू ओठाकडे आणि खोलगट बाजू जिभेकडे. शेजारच्या दाताकडे बघून दिशा ठरवा, खाचेत ठेवा आणि बोटाने हळू, सलग दाब द्या. साकळलेल्या रक्तामुळे थोडा अडथळा जाणवेल, मग दात आत सरकतो. शेजारच्या दाताच्या उंचीला आला की थांबा.

५. घडी केलेला रुमाल किंवा गॉज दातांमध्ये देऊन मुलाला हलकेच चावून धरायला सांगा. तसंच डेंटिस्टकडे न्या.

"मला हे जमणार नाही" असं जवळजवळ प्रत्येक पालक म्हणतो. त्या क्षणी ती जागा बधिर असल्यासारखी असते, मूल भीतीने जास्त रडत असतं. दात थोडा तिरका बसला तरी बिघडत नाही, पहिल्या दोनेक दिवसांत डॉक्टर तो सरळ करू शकतात. उलटा बसला असं वाटलं तर हळूच काढा, फिरवा, पुन्हा ठेवा. दोन प्रयत्नांत नाही गेला तर नाद सोडा आणि टप्पा ६ वर या. जोर लावून काहीही करायचं नाही.

> थांबा: मूल बेशुद्ध किंवा गुंगीत असेल, हातपाय झाडत असेल, शेजारचं हाड मोडल्यासारखं वाटत असेल, मुलाला हृदयाचा गंभीर दोष असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर घरी बसवू नका. दात दुधात आणि आधी डॉक्टरांना फोन.

टप्पा ६: बसवता आला नाही तर दात नेण्याची पद्धत

थंड दूध. पिशवीचं, चितळ्यांचं असो की कात्रजचं, गाईचं, म्हशीचं, तापवून गार केलेलं, काहीही चालेल. दही, ताक, चॉकलेटचं दूध नाही. डबीत दात पूर्ण बुडेल इतकं दूध घ्या, झाकण लावा. दूध मुळावरच्या पेशींना काही तास धरून ठेवतं, मारामारीच्या वाहतुकीत तेवढा वेळ पुरतो.

मैदानावर दूध नसतं म्हणून लोक हातातल्या पाण्याच्या बाटलीत दात टाकतात. साध्या पाण्यात त्या पेशी फुगून फुटतात. कोपऱ्यावर चहाची टपरी असते, तिथे कच्चं दूध मागा. तेही नसेल तर सलाइन, नाहीतर डबीत मुलालाच थुंकायला लावून त्या लाळेत दात ठेवा. मोठं, शांत मूल असेल तर गालाच्या आत धरू शकतं. लहान मुलाला हे सांगू नका, गिळेल. यातलं काहीच नसेल तेव्हाच पाणी, कारण कोरड्यापेक्षा ते बरं.

बर्फात थेट ठेवायचा नाही. ओल्या टिश्यूत गुंडाळायचा नाही, गाडीच्या एसीत तो टिश्यू बघता बघता वाळतो.

आणि उशीर झाला, दात कोरडा पडला, म्हणून फेकून देऊ नका. तसा दातही डॉक्टर बऱ्याचदा बसवतात. पुढे तो हाडाला चिकटून बसेल आणि जबडा वाढत जाईल तसा आत गेल्यासारखा दिसेल, तरीही वाढीच्या वर्षांत हाड आणि जागा राखायला तो उपयोगी पडतो.

टप्पा ७: तुकडा पडला, दात हलला, आत गेला

तुटलेला तुकडा शोधून दुधात किंवा सलाइनमध्ये टाकून न्या, पुष्कळदा तोच परत चिकटवता येतो. तुटलेल्या जागी मध्यभागी लाल किंवा गुलाबी ठिपका दिसतोय का बघा. दिसला तर नस उघडी पडली आहे, त्याच दिवशी जायचं. नुसती कड उडाली असेल, दुखत नसेल, तर दुसऱ्या दिवशी चालेल.

ओठ फाटलाय आणि तुकडा सापडत नाही, असं असेल तर तो ओठात रुतलेला असू शकतो. हे आपण होऊन सांगा म्हणजे ओठाचाही एक्सरे काढतील. टाके घातल्यावर आठवड्याने ओठात गाठ लागते तेव्हा कोडं सुटतं, ते टाळता येईल.

जागेवरून सरकलेला कायमचा दात हलक्या बोटाने मूळ जागी आणता आला तर आणा, रुमाल चावायला द्या, निघा. हिरडीत आत घुसलेला दात मात्र ओढायचा नाही.

क्लिपची तार गालाला टोचत असेल तर टोकावर ऑर्थोडॉन्टिक मेण लावा आणि वेळ घेऊन जा. ती इमर्जन्सी नाही.

टप्पा ८: दुधाच्या दाताला मार

"पडणारच आहे, जाऊ दे" आणि "आत्ताच्या आत्ता बसवून द्या", या दोन्ही टोकांना चूक आहे. निखळला तर बसवायचा नाही, पण दाखवायचं. आत मूळ तुटून राहिलंय का, शेजारच्यांना मार आहे का, ते बघावं लागतं. आत घुसलेला दुधाचा दात बहुतेक वेळा पुढच्या काही महिन्यांत आपोआप खाली येतो, डॉक्टर फक्त लक्ष ठेवतात. दात असा सरकलाय की तोंड मिटताना खालच्या दातावर आपटतो, किंवा इतका लोंबतोय की झोपेत घशात जाईल, तर त्याच दिवशी जा.

काही दिवसांनी दात करडा पडला म्हणून घाबरू नका. निव्वळ रंग हा उपचाराचा मुद्दा नसतो, कधी तो पुन्हा उजळतोही. हिरडीवर पुटकुळी आली, सूज आली, मूल त्या बाजूने खाईना, तर मात्र जायचं.

टप्पा ९: रात्रीची दाढदुखी

पडण्याशी याचा संबंध नाही, पण रात्री अकराला येणारे फोन बहुतेक याचेच.

१. कोमट पाण्याने चूळ भरायला लावा आणि दुखऱ्या दाढेच्या दोन्ही बाजूंनी फ्लॉस फिरवा. दोन दुधाच्या दाढांच्या फटीत चिकनचा धागा किंवा मक्याच्या कणसाचं साल अडकलेलं असतं, ते निघालं की निम्म्या वेळा मूल झोपी जातं. टाचणी, टूथपिक नको.

२. तोंडात टॉर्च मारा. गालाच्या आत, टाळ्यावर फोड दिसतायत, तळहात-तळपायावरही पुरळ आहे? मग दुखणं दाढेचं नसून हात-पाय-तोंडाच्या साथीचं असेल, मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

३. पॅरासिटामॉल वजनावरून द्या: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत ६ तासांचं अंतर, २४ तासांत चारच्या वर नाही. इथे होणारी चूक बाटलीवरचा आकडा न वाचण्याची. २० किलोच्या मुलाला २०० ते ३०० मिलिग्रॅम लागतं. ५ मिलीला २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते ४ ते ६ मिली होतात, ५ मिलीला १२० वाल्या सिरपचे साधारण ८ ते १२. आणि तान्ह्यांच्या ड्रॉप्समध्ये बऱ्याचदा १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे २ ते ३ मिली झाले की संपलं. ते चमच्याने ५ मिली दिलं तर एकदम ५०० गेलं. सर्दीच्या सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं; दोन्ही एकत्र नकोत. यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

४. उशी उंच करा, गालावर बाहेरून गार पॅक लावा, सकाळी डेंटिस्ट. दुखणं थांबलं तरी जायचंच. नस मेल्यावरही दुखणं थांबतं आणि मग सूज येते.

काय नको: लवंगेच्या तेलाचा बोळा (हिरडी भाजते, पोटात गेलं तर लहान मुलाला विषारी), कापूर (झटके येऊ शकतात), आजीची मिश्री, हिरडीवर ठेवलेली ॲस्पिरिनची गोळी. ॲस्पिरिन मुलांना पोटातूनही नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला बेन्झोकेनचं बधिर करणारं जेल नाही. निमेसुलाइड भारतात १२ वर्षांखाली २०११ पासून बंद आहे. मोठ्यांच्या उरलेल्या पाकिटातली गोळी मोडून देऊ नका. पावसाळ्यात ताप असेल तर आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड दोन्ही टाळा, कारण डेंग्यू असला तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

टप्पा १०: गाल सुजला

हिरडीवर छोटी पुटकुळी, मूल खेळतंय: एक-दोन दिवसांत वेळ घ्या, फोडू नका. गाल बाहेरून सुजलाय: त्याच दिवशी डेंटिस्ट. शेक द्यायचा नाही, सूज पसरते. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक सुरू करायचं नाही. त्याने दोन दिवस बरं वाटतं, पू जिथून येतो तो दात तसाच राहतो आणि पुढची सूज जास्त जोरात येते.

> थांबा, क्लिनिक नको, हॉस्पिटल: सूज डोळ्यापर्यंत चढली किंवा डोळा मिटायला लागला, जबड्याखाली, गळ्याकडे उतरली, गिळता येईना, लाळ गळतेय, आवाज बदलला, तोंड नीट उघडेना, श्वासाला त्रास, जोराचा ताप आणि मूल मलूल. यातलं एक जरी असेल तरी सकाळची वाट बघायची नाही.

टप्पा ११: कुठे जायचं आणि फोनवर काय सांगायचं

निखळलेल्या दातासाठी नियम एकच: जो आत्ता उघडा आहे आणि जवळ आहे तो डेंटिस्ट. दात बसवून शेजारच्या दातांना स्प्लिंटने बांधणं साध्या बीडीएस डॉक्टरांनाही येतं. मुलांच्या डेंटिस्टकडे पुढचे उपचार होतील. संध्याकाळी सातला कर्वे रोडवरून नगर रोडला जाण्यात जो तास जातो तो दाताच्या खात्यातून जातो.

दिवसाच्या वेळी डेंटल कॉलेजची हॉस्पिटल्स हा चांगला पर्याय असतो. धनकवडीला भारती विद्यापीठ, वडगावला सिंहगड, कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला आणि पिंपरीला डी. वाय. पाटील. तिथे सगळ्या शाखांचे डॉक्टर एका छताखाली असतात. ओपीडीच्या वेळा आणि सुट्ट्या मात्र आधीच विचारून ठेवा. रात्री, किंवा डोक्याला मार, मोठी सूज, जबडा मोडल्याची शंका असेल तर ससून किंवा जवळचं मोठं खासगी हॉस्पिटल.

निघताना फोनवर एवढंच सांगा: "आठ वर्षांचा मुलगा, वजन २४ किलो. वरचा मधला कायमचा दात पूर्ण बाहेर आला, २० मिनिटं झाली. १० मिनिटं कोरडा होता, आता दुधात आहे. बेशुद्ध झाला नव्हता. आम्ही १५ मिनिटांत पोचतोय." हे ऐकून ते खुर्ची मोकळी करून ठेवतात. कुठल्या शेजाऱ्याच्या सायकलमुळे झालं ते तिथे गेल्यावर सांगा.

दुचाकीवर जायची वेळ आली तर चालवणारा एक आणि मुलाला धरणारा दुसरा हवाच. दाताची डबी धरणाऱ्याच्या खिशात, डिकीत नको.

टप्पा १२: घरी आल्यावर

निखळून बसवलेल्या दाताचा स्प्लिंट साधारण दोन आठवडे असतो. तेवढे दिवस मऊभात, खिचडी, उपमा, कुस्करलेली पोळी. पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही, खेळ बंद. "दुखतं म्हणून ब्रश नको" ही सवलत देऊ नका, तिथे घाण साचली की बसवलेला दात हिरडीच्या संसर्गाने जातो. मऊ ब्रशने प्रत्येक जेवणानंतर, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश.

भुलेचं इंजेक्शन दिलं असेल तर ओठ दोन-तीन तास बधिर राहतो. मुलं तो गंमत म्हणून चावतात आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजून पांढरा पडलेला असतो. बधिरपणा जाईपर्यंत खायला काही नाही, आणि नजर मुलावर.

मूळ पूर्ण तयार झालेल्या दाताचं रूट कॅनॉल दोन आठवड्यांच्या आत सुरू करतात, दात छान बसलाय असं वाटत असलं तरी. नुकत्याच आलेल्या, मुळाचं टोक उघडं असलेल्या दातात नस पुन्हा जगण्याची शक्यता असते, म्हणून तिथे डॉक्टर थांबून बघतात. शेजारणीच्या मुलाचं लगेच रूट कॅनॉल केलं आणि आमचं नाही, याचं कारण बहुधा हेच.

फेऱ्या चुकवू नका: २ आठवडे, ४ आठवडे, ३ महिने, ६ महिने, एक वर्ष, आणि मग दर वर्षी किमान पाच वर्षं. मुळाचं झिजणं दुखत नाही, ते एक्सरेवरच दिसतं. तीन महिन्यांच्या फेरीला गळणं सोपं असतं, कारण तोवर सगळं ठीक दिसत असतं. स्प्लिंट निघेल त्याच दिवशी पुढच्या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. स्केटिंग, हॉकी, मार्शल आर्ट्स पुन्हा सुरू करण्याआधी माउथगार्ड बनवून घ्या. दात बदलायच्या वयात तो दर काही महिन्यांनी घट्ट होतो, तेव्हा नवा करावा लागेल हे धरून चाला.